टपोरं ते पेराया

वंदनानं प्लेट खिडकीच्या उजेडाकडे धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. आपल्याच डोळ्यांत दोष असावा, अशी आशा माणसाला शेवटपर्यंत असते. पण दोष डोळ्यांत नव्हता. तळहाताएवढ्या त्या गोल प्लेटमध्ये जंतूंची पिवळट साय काठोकाठ धरली होती, आणि मधोमध जिथं तिनं औषधाचा रस सोडला होता तिथंही ती तशीच मस्तवालपणे पसरली होती. उन्हाळ्यात याच जागी रुपयाच्या नाण्याएवढं स्वच्छ रिंगण पडायचं. रिंगण पडलं म्हणजे तेवढ्या जागेतले जंतू मेले, औषधात दम आहे. पुढं ते रिंगण आक्रसत आक्रसत शर्टाच्या बटणाएवढं झालं. आज तेवढंही नव्हतं.

आणि येत्या सोमवारी हैदराबादचे पाहुणे यायचे होते.

जालना एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या जुन्या गोदामाच्या माडीवर ही प्रयोगशाळा होती. खाली बी चाळायच्या यंत्रांची घरघर, समोर रोलिंग मिलचा धडधडाट, आणि वर डॉ. नीला देऊळगावकर, वंदना आणि राधेश्याम अशी तीन माणसं नवं अँटिबायोटिक शोधायला बसलेली. जालन्यात सळया होतात, बियाणं होतं. औषध शोधायचं खूळ इथं कुणाच्या डोक्यात आलं, असं लोक विचारायचे. ते नीलामॅडमच्या डोक्यात आलं होतं. जालन्यातच वाढलेल्या मॅडम पुण्याची चांगली नोकरी सोडून परत आल्या, कंपनीच्या मालकाला गळ घालून ही माडी मिळवली आणि कामाला लागल्या. पैसा मात्र मार्चपर्यंतच पुरणार होता. पाहुण्यांनी औषध चालतं हे डोळ्यांनी पाहिलं तर पुढचा खर्च ते उचलणार होते, नाहीतर माडीला कुलूप.

सगळं सुरू झालं ते वंदनाच्या गावच्या मातीपासून. पिंपळगाव रेणुकाईत तिच्या घरामागे एक जुनं पेव होतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोल खणलेली, गळ्याशी अरुंद आणि पोटात ऐसपैस अशी कोठी. त्यातली ज्वारी वर्षानुवर्षं नासायची नाही. त्याचं श्रेय घट्ट लिंपलेल्या तोंडाचं की भिंतीतल्या मातीचं, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. वंदनानं विचारलं, आणि भिंतीची माती खरवडून आणली.

आता मातीतले जीवाणू मोठे मानी. प्रयोगशाळेत कितीही चांगलंचुंगलं खाऊ घाला, बहुतेक वाढतच नाहीत. म्हणून मॅडमनी त्यांना वाढवायचा नादच सोडला. मातीतून सरळ त्यांचा डीएनए काढला, यंत्रावर वाचला, आणि औषध बनवायची कृती ज्यात होती तो जनुकांचा लांबलचक तुकडा उचलून एका गरीब, पाळीव जीवाणूच्या डीएनएत शिवून टाकला. कोकिळेनं कावळ्याच्या घरट्यात अंडं घालावं तसा कारभार. कावळ्यानं अंडं उबवलं. त्या पाळीव जीवाणूनं बापजन्मी न बनवलेलं औषध बनवलं, आणि पहिलं रिंगण पडलं त्या दिवशी राधेश्यामनं सगळ्या गोदामाला पेढे वाटले. त्या जीवाणूचं नाव पडलं पेव्या.

ज्या जंतूवर ते रिंगण पडलं तो काही साधासुधा नव्हता. समोरच्या पट्ट्यातल्या एका मिलमध्ये कडूबा नावाचा कामगार होता. तापल्या सळईनं त्याची पोटरी भाजली. जखम तशी लहानच, पण तिच्यात जो जंतू शिरला त्यानं दवाखान्यातल्या एकाही औषधाला दाद दिली नाही. नमुना आणायला वंदनाच गेली होती. कडूबा तेव्हा शुद्धीवर होता. "पोरी, तुमचं औषध कवा येईल?" त्यानं विचारलं होतं. "येईल, मामा," ती म्हणाली होती. मामा गेले, त्यांना मारणारा जंतू तेवढा प्रयोगशाळेत राहिला. कागदोपत्री त्याला नंबर होता. वंदना आणि राधेश्याम त्याला मारेकरीच म्हणायचे.

मग मे महिन्यात घात झाला. वीज गेली, जनरेटरनं ऐनवेळी मान टाकली, आणि मोठ्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेला मूळ पेव्या त्या उकाड्यात नासून गेला. मातीही संपली होती, आणि गावातलं पेव तोवर नव्या सिमेंट रस्त्याखाली गाडलं गेलं होतं. कृतीची अक्षरं संगणकावर होती, पण ती पुन्हा नव्यानं जोडून घ्यायला वर्ष लागलं असतं आणि नसलेला पैसा लागला असता. जिवंत पेव्या उरला तो टेबलावरच्या चार प्लेटांमध्ये.

तेव्हापासून वंदनानं त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. दर आठवड्याला जुन्या प्लेटवरचा एक ठिपका सुईनं उचलायचा आणि नव्या प्लेटवर पेरायचा. ठिपका म्हणजे पेव्याची एक वसाहत, मोहरीएवढी. आणि ती कुठलाही ठिपका उचलायची नाही. शेतकऱ्याची पोर ती. आजी गोजरबाई सुपात ज्वारी घेऊन बसायची तेव्हा शेजारी बसून शिकलेली: टपोरं ते पेराया, बारकं ते खाया. दर प्लेटवरचा पांढरा, भरदार, फुगलेला ठिपका हेरून ती तोच पुढं न्यायची. सुरकुतलेले, मातकट, बारके ठिपके जुन्या प्लेटवर मागे राहायचे आणि ती प्लेट थंड कपाटात जायची. पेव्या दिवसेंदिवस धष्टपुष्ट होत गेला. "वंदनाच्या हाताला गुण आहे," मॅडम आल्यागेल्याला सांगायच्या. दिवाळीनंतर फ्रीझर दुरुस्त होऊन आला तेव्हा त्यात गोठवला तोही हाच टपोरा पेव्या.

मग औषध गेलं कुठं? शिवलेल्या तुकड्याच्या टोकाला राखणीची एक खूण होती. ती खूण अंगात असलेला जीवाणू एका ठरावीक जुन्या औषधात मरत नाही. वंदना ती खूण तपासत आली होती आणि ती शाबूत होती. म्हणजे तुकडा जागेवर आहे, असं तिनं धरलं. मग तिनं पेव्याचं खाणं बदलून पाहिलं, ऊब कमी-जास्त करून पाहिली. काही उपयोग झाला नाही. मॅडमना तिनं सांगितलं, "रिंगण जरा बारीक झालंय." पार गेलंय, हे सांगायला तिची जीभ रेटली नाही. खोटं बोलायचं नव्हतं तिला, खरं बोलायचा धीर होत नव्हता, आणि अशा वेळी माणूस मधलंच काहीतरी बोलून मोकळा होतो.

राधेश्यामला मात्र सगळं दिसत होतं. वयानं मोठा, प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं त्याच्या हाताखालची. कामाला वाघ, आणि सगळ्यांचं सगळं सुरळीत व्हावं असं मनापासून वाटणारा. असली भली माणसंच कधी कधी मोठा घोटाळा करून बसतात.

"वंदनाताई, मी काय म्हंतो," तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "पहिल्या खेपेच्या औषधाची पावडर हाय ना त्या कुपीत?"

"चिमूटभर हाय. का?"

"मंग ती रसात टाकायची. रिंगण बराबर पडतंय का न्हाई बघा. पाहुणे खूश, मॅडम खूश."

"आन ते पेव्या संगं घेऊन जाणार, त्याचं काय? तिकडं त्यांनी लावून बघितला तर?"

"वाटंत मेला म्हणू. हैदराबाद काय जवळ हाय व्हय? तवर आपण निवांत शोधू काय झालं ते."

वंदना हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. थोड्या वेळानं उठली, कपाटातली कुपी काढली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. तो विचार त्या घडीला तिला गोड लागला, आणि गोड लागला याची लाजही वाटली. दोन्ही एकाच वेळी होतं.

शनिवारी मॅडमनी फर्मान काढलं: सोमवारच्या आत माडी लख्ख झाली पाहिजे. पाहुणे यायचे म्हटल्यावर घर सारवायची आपली रीत. प्रयोगशाळा तरी तिला कशी चुकणार? मॅडम पाहुण्यांना आणायला संभाजीनगरला गेल्या. साफसफाई राधेश्यामनं अंगावर घेतली. वंदनाला गावाकडून वडिलांचा, धर्मराजनानांचा फोन आला होता. सीड प्लॉटात बाया मिळेनात, आणि कंपनीचा माणूस पाहणीला यायचाय, एक दिवस ये. ती लगेच हो म्हणाली. मदतीसाठी कमी आणि त्या प्लेटांपुढून पळण्यासाठी जास्त.

रविवारी सकाळी ती ज्वारीत उतरली. सीड प्लॉट म्हणजे कंपनीसाठी बियाणं पिकवायचं शेत. नर वाणाच्या ओळी, मादी वाणाच्या ओळी, आणि त्यांच्या संकरातून पुढचं बी. हे मूळ वाण दिसायला किरकोळ, कंबरेएवढे. त्यात परक्या दाण्याचं झाड आलं तर ते फुलोऱ्याआधी उपटायचं. त्याला भेसळ काढणं म्हणतात. वंदना ओळीतून चालत होती. डोक्यात रिंगण फिरत होतं आणि हात आपोआप चालत होते. एका ठिकाणी मात्र ती थांबली.

"उपट की," पलीकडच्या ओळीतून नाना म्हणाले. "काय बघून राह्यली?"

"नाना, लई जोमात हाय हो हे. पान बघा कसं तलवारीवानी."

"जोमातच राहणार. भेसळ हाय ती, हातभर वर जाती. उपट जल्दी, फुलोऱ्यात आली तर समदा प्लॉट नापास."

वंदनानं ताटाला हात घातला. आणि हात तिथंच राहिला.

औषध बनवणं म्हणजे पेव्याच्या डोक्यावर ओझं. खाल्लेलं निम्मं त्यातच जायचं. जो ठिपका इमानानं ओझं वाहील तो बारका राहणार, सुरकुतणार. आणि ज्या लबाडानं शिवलेला तुकडा मधूनच कापून फेकला, टोकाची खूण तेवढी अंगावर ठेवली, तो रिकाम्या डोक्यानं फुगणार, टपोरा होणार. कुलूप जागेवर आणि घर साफ. तिनं कुलूप तपासलं होतं. घरात डोकावली नव्हती. आणि दर आठवड्याला त्या लबाडाला हेरून, कौतुकानं उचलून पुढं कुणी पेरलं होतं? तिनंच. आंधळं दळत होतं आणि पीठ भेसळ खात होती. इतके महिने ती पेव्याला सांभाळत नव्हतीच, ती आपल्या हातानं त्याला उपटून टाकत होती. तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

पण मग बारके ठिपके? ते तर टाकलेले नव्हते. जुन्या प्लेटांवर, थंड कपाटात, तसेच होते.

कपाट. साफसफाई. राधेश्याम आज जुन्या प्लेटा ऑटोक्लेव्हला घालणार होता. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस मावेल एवढा प्रेशर कुकरच. त्यातून कुठलाही जीव जिवंत बाहेर येत नाही. ती बांधाकडे धावली, पिशवीतला फोन काढला. राधेश्यामचा फोन वाजत राहिला. तो उचलणारच नव्हता. आत काम करताना फोन बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायचा, हा नियम वंदनाचाच होता, आणि तो न पाळल्याबद्दल तिनं त्याला दोनदा झापलं होतं.

मॅडमनी उचलला. वंदनानं एका दमात एवढंच सांगितलं, जुन्या प्लेटांवरचे बारके ठिपके हवेत, ते वाचवा.

"जुन्या प्लेटा आज जाणार आहेत, वंदना," मॅडम सावकाश म्हणाल्या. "मीच सांगितलंय त्याला. तू नीघ. मी इथून लावून बघते फोन."

वंदना नानांकडे वळली. "नाना, गाडी काढा. जालन्याला."

नानांनी हातातलं ताट खाली टाकलं, कुणाला तरी हाक मारून पाटाचं पाणी बघायला सांगितलं आणि मोटरसायकलला किक मारली. भोकरदन मागे पडलं. मग नाना मान जराशी वळवून म्हणाले, "कुणी गेलं का?"

"जायच्या बेतात हाय."

नानांनी गाडीचा कान आणखी पिळला. राजूरच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, रस्ता अर्धा खोदलेला. वंदना फोन कानाला लावून बसलेली, आणि फोन नुसता वाजत होता. गोदामाच्या गेटवर वॉचमन होता. पण त्याचा नंबर ना मॅडमकडे होता ना तिच्याकडे. रोज 'राम राम' करणाऱ्या माणसाचा नंबर घ्यायचं कुणाला सुचत नाही. तिनं रेणुकादेवीला नवस बोलून टाकला, आणि विज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसानं असं करावं का, हा प्रश्न तिला त्या वेळी पडला नाही.

माडीचा जिना चढतानाच तिला वास आला. शिजलेल्या खळीसारखा, गोडसर. नाना मागोमाग होते. ती आत शिरली.

राधेश्याम घामेजलेला, खुशीत. "या! कपाट बघा कसं आरशावानी केलं. एक घाणा काढून झाला, दुसरा आताच लावला."

टेबलावर पहिल्या घाण्याची पिशवी होती. आत प्लेटा वितळून एकमेकींना चिकटलेल्या, तपकिरी लापशी झालेली. वंदनानं ऑटोक्लेव्हकडे बोट केलं. "बंद करा. राधेश्यामभाऊ, बंद करा तो!"

"अवो पण..."

तिनं स्वतःच बटण ओढलं. काटा अजून हलला नव्हता. खालचं पाणी तापत होतं, वाफ धरली नव्हती. तिनं झाकणाच्या खिटीला हात घातला तसा राधेश्याम आडवा आला.

"थांबा! त्या पिशवीत मारेकऱ्याच्याबी प्लेटा हायेत. समदं एकत्र भरलं मी. उघडून हात घालताल अन् एक ओरखडा गेला तर? कडूबाचं काय झालं इसरल्या का?"

ती विसरली नव्हती. तिनं एकेक चढवलं: दुहेरी हातमोजे, मास्क, चष्मा. नानांना तिनं दाराबाहेर काढलं. राधेश्यामनंही हातमोजे चढवले आणि झाकणाची दुसरी खिटी सोडवली. दोघांनी मिळून पिशवी उचलली आणि जंतूंचं काम करायच्या काचेच्या बंद कपाटात नेली. बाहेरून ती चांगलीच गरम लागत होती. कडेच्या प्लेटा वाकल्या होत्या. आतल्या आतल्या काढत गेली तशी ऊब कमी होत गेली, आणि गाभ्यातल्या प्लेटा अंघोळीच्या पाण्याइतक्या कोमट निघाल्या.

मारेकऱ्याच्या प्लेटा राधेश्याम चिमट्यानं बाजूला करत होता. वंदना पेव्याच्या बघत होती. जिकडेतिकडे टपोरे, पांढरे, फुगलेले ठिपके. ज्यांच्याकडे पाहून महिनोन् महिने तिचा ऊर भरून आला होता तेच. आता त्यांच्याकडे बघून तिला शिसारी आली. जुन्यातल्या जुन्या प्लेटा पहिल्या घाण्यात शिजून गेल्या होत्या. उरलेल्यांपैकी मोजक्याच प्लेटांवर, कडेला, कुणाच्या लक्षात येऊ नयेत असे काही मातकट ठिपके होते. बारके, सुरकुतलेले. तिनं ते एकूण एक उचलले आणि ताज्या प्लेटांवर पेरले. आच लागूनही त्यांच्यात कोण जिवंत आहे, कोण नुसता दिसतोय, हे सांगायला काही मार्ग नव्हता. पेव्या सावकाश वाढतो. उद्याच्या पाहुण्यांना दाखवायला काहीही उगवणार नव्हतं.

संध्याकाळी मॅडम आल्या. पाहुणे हॉटेलवर उतरले होते. वंदनानं त्यांना उभ्याउभ्या सगळं सांगितलं: टपोऱ्याची निवड, पार गेलेलं रिंगण, गिळून टाकलेले शब्द. शेवटी खिशातली कुपी काढून टेबलावर ठेवली, आणि ती खिशात का होती तेही सांगितलं. राधेश्यामचं नाव मात्र घेतलं नाही. तो मागे उभा राहून खाली बघत होता.

"चूक समजू शकते मी," मॅडम म्हणाल्या. "टपोरे ठिपके बघून कौतुक मीच करत होते. पण आठवडाभर तू मला अंधारात ठेवलंस, वंदना. ते मला लागलं."

वंदनाला वाटलं, त्या कुपी उचलून कपाटात ठेवतील. त्यांनी ती उचलली आणि दिव्याकडे धरली.

"किती रिंगणं पडतील यात?"

"एक," वंदना म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं. मॅडमनाही तो विचार गोड लागला होता. पुण्याची नोकरी, ही माडी, आयुष्याची इतकी वर्षं, सगळं त्या एका चिमटीत मावत होतं. मॅडमनी कुपी पुन्हा टेबलावर ठेवली, वंदनाच्या बाजूला.

"उद्या प्लेट तूच दाखवणार आहेस," एवढं बोलून त्या पर्स घेऊन निघून गेल्या.

सोमवारी पाहुणे दोघं आले. एक तरुण, सारखा फोनमध्ये. दुसरे वयस्कर, पांढऱ्या मिशांचे, मराठी येणारे, चहाला नको म्हणणारे. मॅडम खुर्चीत ताठ बसल्या होत्या. राधेश्याम दाराशी. वंदनानं टेबलावर एक साधी प्लेट ठेवली, काठोकाठ जंतूंची साय असलेली, आणि शेजारी कुपी.

"रिंगण नाही," वयस्कर पाहुणे म्हणाले.

"नाही. या कुपीतलं औषध टाकलं असतं तर आता पडलेलं दिसलं असतं," वंदना म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर शब्द येत गेले. "औषध खरं आहे. ते बनवणारा जीवाणू माझ्या हातून गेला. मी टपोरा बघून निवडत राहिले, आणि टपोरे होते त्यांनी औषध सोडून दिलं होतं. काल काही बारके वाचवलेत. जगले तर पुन्हा निघेल. ते हेच का, हे ताडून बघायला ही कुपी लागेल, म्हणून ती वापरली नाही."

वयस्कर पाहुण्यांनी मॅडमकडे पाहिलं. "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"काल संध्याकाळपासून," मॅडम म्हणाल्या.

"मग रात्रीच सांगायचं. आमची सकाळ तरी वाचली असती." ते उठले. दाराशी गेल्यावर थांबले. "पंधरवड्यानं आमची बैठक आहे. तोवर काही उगवलं तर कळवा. नाही उगवलं तर तेही असंच कळवा."

ते जिना उतरून गेले. खाली यंत्रं बी चाळत राहिली.

त्यानंतरचे दिवस वंदनानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. रोज सकाळी उबेच्या पेटीचं दार उघडायची, प्लेटा बघायची, दार लावायची. आधी कुठंच काही नाही. मग हळूहळू काही ठिकाणी पुटकुळ्या आल्या आणि बघता बघता बहुतेक पांढऱ्या फुगल्या. बारक्यांच्या आडून लबाडच वर आले होते. एका प्लेटवर तेवढं काहीतरी मातकट, वाळल्या बोरासारखं सुरकुतलेलं उगवलं. वाढायचंच नाही. मोहरीच्या निम्म्यावर येऊन बसलं. तिनं त्याच्याखालच्या थराचा कण कापून मारेकऱ्याच्या सायीवर ठेवला आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

सकाळी राधेश्याम तिच्या आधी आला होता. तो पेटीसमोर उभा होता, दार न उघडता. "तुमीच बघा," तो म्हणाला. "माझी छाती न्हाई."

वंदनानं प्लेट काढून खिडकीकडे धरली. तिरकी केली, सरळ केली. कणाभोवती शर्टाच्या बटणाएवढं, स्वच्छ, आरपार दिसणारं रिंगण होतं. मारेकरी त्याच्या काठापर्यंत येऊन थांबला होता. तिला कडूबामामांचा चेहरा आठवला आणि ती राधेश्यामसमोर, ॲप्रनच्या बाहीत तोंड खुपसून, हमसून हमसून रडली. मॅडम आल्या. त्यांनी प्लेट बघितली, फोटो काढला, हैदराबादला पाठवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. दुपारी उत्तर आलं: "जिवंत ठेवा. येतो."

जिवंत ठेवायचा म्हणजे आता पुढं पेरायचा. वंदना सुई घेऊन बसली. मूळ प्लेटवर तो सुरकुतलेला ठिपका होता, आणि एवढ्यातच त्याच्या शेजारी एक नवा वर आलेला. पांढरा, भरदार, गोजिरवाणा. सुईचं टोक आपोआप त्याच्याकडे वळलं. इतक्या पिढ्यांचा हात तो, एका आठवड्यात थोडाच सुधारणार? ती थांबली. डाव्या हातानं तिनं उजवं मनगट धरलं, सुई बाजूला नेली, आणि त्या किडूकमिडूक ठिपक्यातले कण उचलले. एक ताज्या प्लेटवर पेरला, बाकीचे फ्रीझरच्या कुप्यांमध्ये भरले.

फोन बाहेर लॉकरमध्ये वाजत होता. हातमोजे काढून ती गेली. नाना होते.

"आपला प्लॉट पास झाला," ते म्हणाले. "तुझं काय? जगलं का?"

"जगलं, नाना. लई बारकं हाय."

"मंग आता नदर ठिव."

ती आत आली. जुनी प्लेट अजून टेबलावर होती, तिच्यावर तो टपोरा एकटाच डौलात बसलेला. वंदनानं झाकण लावून ती राधेश्यामच्या हातात दिली.

"हे टपोरं शिजायला घाला," ती म्हणाली. "पेरायचं झालंय माझं."